सुपारीचं कार्बोरेटर

गळती हा माझा विषय आहे. फुशारकी मारत नाही, पाटबंधारे खात्यात माझं टेबलच ते आहे. कुठल्या कालव्याचं पाणी कुठं झिरपतं, त्यावर कोणी कोणाला काय लिहिलं, हे सगळं माझ्या हाताखालून जातं. आजवर माझ्या टेबलामुळं एकही गळती थांबलेली नाही हे खरं, पण गळतीबद्दल चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायचा अधिकार सांगलीत कुणाला असेल तर तो मला. म्हणूनच आमच्या मोटारसायकलीखाली पेट्रोलचा थेंब दिसला तेव्हा मला नुसतं वाईट वाटलं नाही, अपमान वाटला.

त्यात मोटारसायकल माझी नव्हे, सासऱ्यांची. सासऱ्यांना मी मामा म्हणतो. बाकी सगळं जग त्यांना सुभेदारसाहेब म्हणतं. लालासाहेब म्हणून नावानं हाक मारणारी माणसं आता कोरेगावच्या बाजूला एकदोनच उरली असतील. फौजेतून आल्यावर त्यांनी ही गाडी घेतली आणि ती बनवणारी कंपनी बंद पडली तरी ही बंद पडू दिली नाही. पुढं डोळ्यांचं ऑपरेशन झालं, डॉक्टरनं रोज गाडी चालवायला मनाई केली, तेव्हा ती माझ्याकडं आली. दिली असं ते म्हणाले नाहीत. ‘सांभाळायला ठेवली’ म्हणाले. दरवर्षी दसऱ्याला ते आणि मामी सांगलीला येतात, मामा मामींना मागं बसवतात, आयर्विन पुलावरून सांगलीवाडीला जाऊन परत येतात. हे त्यांचं सीमोल्लंघन.

या वर्षी आठ दिवस आधीच फोन आला.

“जावईबापू, शंभू मागं लागलाय. गाडी पुण्याला न्यायची म्हणतोय. दसऱ्याला येतो आनि बघतो. नीट ठेवली असली तर ऱ्हाईल तुमच्याकडं. न्हाईतर शंभू टेंपो घेऊन येनारच हाय.”

शंभूराज माझा मेहुणा. पुण्यात कॉम्प्युटरवर काहीतरी करतो आणि ते काय, हे विचारलं की इंग्रजीत सांगतो. त्याला गाडी चालवायची नव्हती. नव्या फ्लॅटच्या हॉलमध्ये, टीव्हीशेजारी, लायटिंग करून उभी करायची होती. मोटारसायकल! टीव्हीशेजारी! आणि सरळ सांगतो, मला ती गाडी हवी होती. ऑफिसात मला कुणी विचारत नाही, घरात विचारतात पण ऐकत नाहीत. त्या गाडीवर बसून विश्रामबागच्या चौकातून गेलो की कॉलेजची पोरं वळून बघतात. गाडीकडंच बघतात, मला माहीत आहे. पण वर मीच बसलेला असतो ना.

तर थेंब. आम्ही नुकतेच नव्या बिल्डिंगमध्ये राहायला आलो होतो. जुन्या घरापाशी गाडी मातीत उभी असायची, इथं पार्किंगला पांढऱ्याशुभ्र फरश्या. त्या फरशीवर इंजिनाच्या खाली तो थेंब पडला, मग दुसरा पडला, आणि वास जिन्यानं वर चढला.

वास पहिल्यांदा मंगलवहिनींना आला. त्या आमच्या वरच्या मजल्यावर राहतात आणि बिल्डिंगच्या सुरक्षिततेची जबाबदारी त्यांनी कुणी न सांगता घेतलेली आहे. त्यांना वाटलं गॅस गळतोय. त्यांनी एजन्सीला तातडीचा फोन केला, सगळ्यांना सिलिंडर बंद करायला लावले आणि आमच्या अर्ध्या शिजलेल्या भातासकट सगळी बिल्डिंग रस्त्यावर आणून उभी केली. एजन्सीचा माणूस आला, त्याने घरोघरी नळीला साबणाचं पाणी लावून बघितलं. काही नाही. शेवटी तो वास घेत घेत माझ्या गाडीपाशी आला आणि सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

इथवर ठीक होतं. पण आलेली तक्रार बंद केल्याशिवाय त्याला जाता येईना आणि त्याच्या मोबाईलमध्ये ‘गळती मोटारसायकलची’ असा पर्यायच नव्हता. शेगडी होती, नळी होती, रेग्युलेटर होता. मी खात्याच्या अनुभवावरून त्याला ‘इतर’ सुचवलं. ‘इतर’ दाबलं की मोबाईल वरच्या साहेबाची परवानगी मागायचा. साहेब सुट्टीवर. शेवटी मंगलवहिनींच्या हॉलमध्ये बसून, त्यांच्या हातचा चहा पीत पीत, त्याने ‘ग्राहक घरी नाही’ असं भरलं आणि तो गेला. असल्या माणसाबद्दल मला आदर वाटतो. आमच्या खात्यात चमकला असता.

सल्ले त्याच संध्याकाळी सुरू झाले. खालच्या मजल्यावरचे सयाजीनाना हळदीचे अडते. जगात हळदीनं बरी न होणारी गोष्ट त्यांना माहीत नाही, पण पेट्रोलच्या बाबतीत ते साबणावर उतरले.

“कपड्याचा साबण घ्या, चांगला मळा आणि दाबून लावा. आमच्या ट्रकची टाकी साबणावर हुबळीपर्यंत जाऊन आली.”

“नाना, ही टाकी नाही. कार्बोरेटर आहे.”

“मग अंगाचा साबण घ्या.”

मी लावला. गाडीला चंदनाचा वास आला, आणि थेंब पूर्वीसारखाच पडत राहिला, फक्त आता फेस घेऊन.

तेव्हा मी ठरवलं की स्वतःच उघडायचं. मोबाईलवर एक व्हिडिओ सापडला, तमिळमध्ये होता, पण हात स्पष्ट दिसत होते. कार्बोरेटर म्हणजे काही आकाशातली गोष्ट नाही. आपल्या संडासाच्या फ्लशच्या टाकीत जे असतं तेच. खाली वाटी, वाटीत तरंगणारा गोळा. पेट्रोल भरलं की गोळा वर येतो आणि एक सुई वर ढकलून पेट्रोलची वाट बंद करतो. आमची सुई झिजली होती. एवढंच! नवी सुई मिळवायला मी अर्धी रजा टाकून मिरजेतली जुन्या सामानाची दुकानं पालथी घातली, ती कशी मिळाली हा स्वतंत्र विषय आहे, आणि त्यात माझा दोष नसताना मला एका दुकानात ‘कंपनीबरोबर तुमी बी बंद व्हा’ असं ऐकून घ्यावं लागलं. पण सुई मिळाली.

अष्टमीच्या संध्याकाळी मी कार्बोरेटर सुटं केलं. वाटी, गोळा, छोट्या छोट्या पितळी नळ्या, जुनी सुई, नवी सुई, सगळं धुऊन पुसून लख्ख केलं आणि स्टीलच्या ताटात मांडून ओट्यावर ठेवलं. इतकं सुंदर दिसत होतं की मी बायकोला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, “छान आहे.” मी समाधानानं जेवलो. सकाळी उठून जोडायचं, एवढंच राहिलं होतं.

सकाळी मला झेंडूची फुलं आणायला पिटाळण्यात आलं. परत आलो तो घरात उदबत्तीचा वास. देवघरापुढं पाट, पाटावर तांबडं कापड, त्यावर विळी, सुरी, कात्री, माझी पक्कड, पाने, स्क्रू ड्रायव्हर आणि मधोमध ते ताट. कार्बोरेटरवर हळद, कुंकू, वर अक्षता आणि एक झेंडूचं फूल.

“संयोगिता! हे काय?”

“खंडेनवमी आहे ना आज. तुम्हीच ताटात मांडून ठेवलं होतं. मला वाटलं, या वर्षी सुधारलात तुम्ही.”

आता ज्यांच्या घरी खंडेनवमी नाही त्यांना सांगतो. या दिवशी घरातली सगळी हत्यारं पूजतात आणि एकदा पुजेला बसलं की दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत त्या हत्याराला हात लावायचा नाही. भाजीसुद्धा हातानं मोडून करतात. संयोगिता सुभेदारांची मुलगी, त्यांच्या घरात तलवारीची पूजा होते. मी एक पितळी नळी हळूच उचलायला गेलो तर तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी त्याच हातानं नमस्कार केला.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मामा, मामी, शंभूराज आणि शंभूराजचा टेंपो.

मी धावत धुळाच्या गॅरेजवर गेलो. धुळा जतकडचा, माझ्या ओळखीचा, अंगापिंडानं दांडगा. एरवी ऑइलमध्ये माखलेला असतो. आज पांढरा शर्ट, पांढरी विजार, वर तांबडा फेटा बांधून खुर्चीत बसला होता. त्याच्या पुढं सगळे पाने आंघोळ करून हार घालून बसले होते.

“धुळा, चल लवकर. कार्बोरेटर जोडायचंय.”

“आवं सायेब, आज? आज हत्याराला शिवायचं न्हाई. वर्साचा एक दिस त्यास्नी सुट्टी.”

“नुसता ये तरी!”

“येतो की. तोंडाला सुट्टी न्हाई.”

सांगली-मिरज रस्त्यावर मी दिसेल त्या गॅरेजवर थांबलो. सगळीकडं हार, नारळ आणि पेढे. गाडीला हात लावायला कुणी तयार नाही, पण पेढा खाल्ल्याशिवाय कुणी सोडेना. मी घरी आलो तेव्हा मला पेढ्यांनी मळमळत होतं आणि पार्किंगमध्ये मधोमध खुर्ची टाकून धुळा फेट्यासकट बसला होता. शेजारी सयाजीनाना, मंगलवहिनी आणि आमची ही. माझ्या गाडीवर सभा भरली होती.

पहिला प्रश्न होता सुटे भाग देवापुढून उचलायचे कसे. त्यावर नानांनी तोडगा काढला.

“त्यात काय एवढं? सुपारी ठेवा. लग्नात माणूस नसलं तर सुपारी चालते, मग कार्बोरेटरला का नाही?”

हे संयोगिताला पटलं. शास्त्राला धरून होतं. मग एकेक भाग उचलायचा आणि त्याच्या जागी सुपारी ठेवायची. गोळ्याची सुपारी, वाटीची सुपारी, प्रत्येक नळीची एकेक सुपारी. सुईच्या जागी मंगलवहिनींनी लवंग ठेवली, म्हणाल्या आकाराला बरी दिसते. आमच्या देवघरात सुपाऱ्यांचं एक अख्खं कार्बोरेटर तयार झालं. ते नक्कीच गळत नव्हतं.

दुसरा प्रश्न जास्त बिकट. पाने, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, सगळे पुजेत. मग जोडायचं कशानं?

“त्यांनाही सुपाऱ्या ठेवू,” मी म्हणालो.

“हत्यारं ती हत्यारं,” बायको म्हणाली. “ती हलायची नाहीत.”

मग हत्यार म्हणजे काय यावर चर्चा सुरू झाली. मी रुपयाचं नाणं काढलं. नाणं हत्यार नाही यावर एकमत झालं, फक्त नाना म्हणाले की बाजारात ते सगळ्यात मोठं हत्यार आहे. नेलकटरवर मंगलवहिनींनी हरकत घेतली, त्याला पातं असतं. सांडशी? सांडशीनं गरम पातेलं धरतात, ती पक्कडच झाली की! नाना म्हणाले पक्कड वेगळी आणि सांडशी वेगळी. वहिनी म्हणाल्या चुलतबहिणी आहेत. शेवटी सगळे धुळाकडं वळले. धुळानं फेटा सारखा केला.

“हे बगा. ज्याच्यावर प्वाट भरतं ते हत्यार. सायबाचं प्वाट सांडशीवर हाय का?”

“नाही,” मी आनंदानं ओरडलो. “माझं पोट पेनावर आहे. म्हणजे माझा स्क्रू ड्रायव्हरसुद्धा हत्यार नव्हेच! मी तो उचलतो.”

“तो आता पुजेत बसलाय,” बायको म्हणाली. “आणि पेनाची आठवण केलीत ते बरं केलं.” तिनं माझ्या खिशातलं पेन काढलं आणि आत नेऊन सुरीशेजारी ठेवलं.

त्यानंतर जे झालं ते कुठल्याच व्हिडिओत सापडायचं नाही. रुपयाच्या नाण्यानं मी स्क्रू पिळले. नट सांडशीत धरले. बारीक जागी मंगलवहिनींचा भुवया कोरायचा चिमटा वापरला, तो त्यांनी मनावर दगड ठेवून दिला. धुळा खुर्चीतून सांगत होता, “उजवीकडं. न्हाई न्हाई, माझ्या उजवीकडं. लय आवळू नगा. आवळा की! जेवला न्हाई का?” नानांनी पितळी नळ्या तोंडानं फुंकून दिल्या, कारण नळीत हळद बसली होती. हळद त्यांच्याच दुकानची, लई बारीक. प्रत्येक फुंकीला नाना स्वतःच्या मालाचं कौतुक करत होते.

उन्हं उतरली तेव्हा कार्बोरेटर गाडीला लागलं. पेट्रोलचा कॉक उघडला. सगळे फरशीवर वाकले.

टप्प.

मी खाली बसलो ते बसलोच. बोटं खरचटलेली, पोटात पेढे, आणि डोळ्यांपुढं पुण्यातला तो हॉल. टीव्हीवर क्रिकेट चाललंय, शेजारी आपली गाडी लायटिंगमध्ये उभी आहे, आणि शंभूराजचे मित्र तिच्या सीटवर चिवड्याच्या बशा ठेवतायत. तुम्हाला सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. धुळा म्हणाला फ्लोट, म्हणजे तो तरंगणारा गोळा, गेला. नाना म्हणाले साबणच बरा होता. मंगलवहिनींनी गॅस एजन्सीचा नंबर अजून आहे म्हणून सांगितलं.

संयोगिता म्हणाली, “अहो, मी अक्षता जरा सढळ हातानं घातल्या होत्या. सगळ्या निघाल्या का?”

वाटी पुन्हा उघडली. नवी सुई चिमट्यानं बाहेर काढली, आणि तिच्या टोकापाशी, जिथं पेट्रोल बंद व्हायचं नेमकं तिथं, कुंकू लावलेला तांदळाचा एक दाणा बसला होता. मी तो तळहातावर घेतला. टाकून द्यावा की डोक्याला लावावा कळेना. डोक्याला लावला. परत सगळं जोडलं, कॉक उघडला. आम्ही वाकून बघत राहिलो. फरशी कोरडी. अजून कोरडी. धुळानं फेटा काढून हवेत उडवला आणि नानांनी मला मिठी मारली.

दसऱ्याला सकाळी मामा आले. पांढरी मिशी, इस्त्रीचा शर्ट, मागं मामी, त्यांच्या मागं टेंपो आणि टेंपोतून उतरलेला शंभूराज दोर घेऊन. मामांनी गाडीभोवती फेरी मारली. चाकं, साखळी, आरसे, हात मागं बांधून सगळं पाहिलं. ‘बरं’, ‘बरं’ म्हणत होते. मग म्हणाले, “जरा तिकडं मातीत घ्या गाडी.”

“मातीत कशाला मामा? इथं फरशीवर बघा की. खाली बघा!” माझी छाती फुगली होती.

“खाली काय बघायचं?”

“अहो बघा तर!”

मामा नाइलाजानं वाकले. बराच वेळ वाकलेले राहिले. मग कार्बोरेटरच्या बुडाला बोट लावलं, बोट नाकाशी नेलं.

“गळत न्हाई?”

“थेंबभरसुद्धा नाही.”

“कॉक चालू हाय?”

“चालू आहे.”

मामांचा चेहरा पडला. मी सत्काराची वाट बघत होतो आणि ते मान फिरवून उभे राहिले. शंभूराज हळूच म्हणाला, “दाजी, काय केलंत हे? ती पहिल्यापासून गळते. बाबांनी सगळे मिस्त्री केले, तरी थांबली नाही. शेवटी म्हणायला लागले, या जातीची गाडी गळतेच, गळली नाही तर ती खोटी.”

“ही माझी गाडी ऱ्हायली न्हाई,” मामा भिंतीकडं बघत म्हणाले. “शंभ्या, घाल टेंपोत.”

ज्या गाडीसाठी मी हे सगळं केलं ती नीट झाली म्हणून चालली होती. शंभूराजनं हँडलला दोर टाकला. संयोगिता, “बाबा, अहो बाबा,” म्हणत राहिली. मामा हलेनात.

मामी इतका वेळ पायरीवर बसल्या होत्या. त्या उठल्या, गाडीपाशी आल्या, वाकून स्वतः खाली हात फिरवला, कोरडा हात बघितला. मग कुणाशी न बोलता पिशवी उचलून वर आमच्या घरात गेल्या. शंभूराज दोर आवळू लागला. तेवढ्यात जिन्यावरून बांगड्या वाजल्या.

मामी हिरव्यागार इरकली साडीत उतरत होत्या. काठ सोनेरी, घडी आज पहिल्यांदाच मोडलेली.

“अगं, ही कुटली?” मामांनी विचारलं. खुद्द सुभेदारसाहेबांचा आवाज बारीक झाला होता.

“तुमीच आनलेली, बेळगावास्नं. फौजेतनं आला तवा.” त्यांनी पदर सारखा केला. “ह्या गाडीवर बसायचं तर काठाला प्याट्रोल. दरसाली मुद्दाम जुनं इटकं लुगडं नेसून बसायची. तुमास्नी कवा बोलले न्हाई. दरसाली ही पिशवीत घालून आनायची, आनि गाडीखालची वली माती बगून तशीच न्यायची.”

मामा साडीकडं बघत राहिले, मग गाडीकडं बघितलं, मग माझ्या खरचटलेल्या बोटांकडं.

“शंभ्या,” ते म्हणाले, “दोर सोड. आनि आईला चढताना हात दे, काठ चाकात जाईल.”